मांडीवरचं लेकरू

गेल्या महिन्यात हे सदर आलं नाही. घरात गडबड आहे, एवढंच मी संपादकांना कळवलं होतं. कसली गडबड ते आज सांगते. कारण त्यात चूक माझी होती, आणि येत्या लग्नसराईत तीच चूक आपल्यापैकी बऱ्याच घरांत होणार आहे.

माझा धाकटा भाऊ दुबईत नोकरीला आहे. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर तो, भाभी आणि त्यांचा चौदा महिन्यांचा मुलगा पहिल्यांदाच आले. नातवाला अब्बांनी तोवर फक्त मोबाइलवर पाहिलेलं. त्यामुळे अब्बा ऐकेनात. ते, मी आणि माझी सात वर्षांची मुलगी असे आम्ही तिघं पनवेलहून मुंबईच्या विमानतळावर घ्यायला गेलो. परत येताना मी ॲपवरून टॅक्सी बोलावली. मोठी गाडी बरीच महाग दाखवत होती, म्हणून चार जणांची छोटी मागवली. ड्रायव्हरने आमच्याकडे, सामानाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, चार सीट की गाडी है." मी म्हटलं, "भैया, हम चार ही तो हैं. बाकी दोनों बच्चे हैं, गोद में बैठेंगे."

रोज सकाळी बेचाळीस मुलांची हजेरी घेणारी मी. त्या दिवशी दोन मुलं मी मोजलीच नाहीत.

डिकीत सीएनजीची टाकी. एक बॅग वर कॅरिअरला बांधली, दुसरी आमच्या पायांशी आली आणि खजुराचा खोका मागच्या काचेजवळच्या फळीवर गेला. अब्बा पुढे. मागे आम्ही तिघं, माझ्या मांडीवर मुलगी आणि भावाच्या मांडीवर बाळ. मागच्या सीटवर कुणीच पट्टा लावला नाही. लावायचा म्हटलं असतं तरी खटका सापडला नसता, तो सीट कव्हरच्या खाली गेला होता. वाशीचा खाडीपूल ओलांडला, नेरूळ मागे पडलं. गप्पा रंगलेल्या. एवढ्यात एक मोटारसायकलवाला डावीकडून कट मारून समोर आला आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. टक्कर झाली नाही. गाडीला ओरखडाही नाही. पण भावाच्या हातातून बाळ ओल्या साबणासारखं निसटलं आणि तोंडावर पुढच्या सीटवर आदळलं. खजुराचा खोका भाभीच्या मानेवर आला.

बाळाचा ओठ आतून फाटला होता. दोन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. अलहम्दुलिल्लाह, आता जखम भरली आहे. पण त्या रात्री भाऊ मला जे म्हणाला ते काही भरून निघालेलं नाही. "आपा, दुबईत मी त्याला सीटशिवाय गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नेत नाही. इथे उतरलो आणि मला काय झालं कोण जाणे."

संयुक्त अरब अमिरातीत २०१७ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला गाडीत लहान मुलांच्या खास सीटमध्येच बसवावं लागतं, नाहीतर ४०० दिरहम दंड. दहा वर्षांखालच्या मुलाला पुढे बसवता येत नाही. हे तो तिकडे बिनतक्रार पाळतो. इथे त्याला आडवणारं कुणी नव्हतं, उलट "ये इधर, फुफी की गोद में" म्हणणारी मी होते. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात आहेत. तिकडे सवयीने पट्टा लावणारा हात मुंबईला उतरताच तो का विसरतो, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. कदाचित घरी आलो म्हणजे सुखरूप आलो असं मनाला वाटत असावं.

भावाला एक गोष्ट खटकत राहिली. तो धट्टाकट्टा माणूस, बाळाला दोन्ही हातांनी धरलेलं, तरी सुटलं कसं? मी शाळेत विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर हिशेब मांडला. गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरलं, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला हातांना शंभर किलोहून जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे तांदळाची पन्नास किलोची दोन पोती, आणि तीही अचानक, झटक्यात. आमच्या गाडीने नुसता ब्रेक मारला होता, म्हणून जोर याहून पुष्कळ कमी होता. तेवढाही भावाला पेलला नाही. आईची मिठी सगळ्यात सुरक्षित, असं आपण म्हणतो. घरात ते खरं आहे. चालत्या गाडीत मात्र पट्टा न लावलेली आई स्वतःच पुढे फेकली जाते आणि तिच्या पुढ्यात बाळ असतं.

मागची सीट सुरक्षित असते हाही अर्धाच खरा समज. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेला अपघात आठवत असेल. उद्योगपती सायरस मिस्त्री त्यात गेले. गाडी नामांकित, महागडी. मागे बसलेले दोघेही दगावले, त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले. त्यानंतर १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्यांनाही पट्ट्याची सक्ती केली. काही दिवस चर्चा झाली, मग आपण विसरलो.

कायदा तर त्याच्या आधीपासून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४ ब घातलं गेलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्टा न लावता किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय गाडीत असेल, तर गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला एक हजार रुपये दंड. यात टॅक्सीला सूट दिलेली नाही. म्हणजे मूल आपलं, हट्ट आपला आणि हजाराचं चलान ड्रायव्हरच्या नावावर.

ही ड्रायव्हरची बाजू मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने समजावली. दहावीला मराठीत जेमतेम पास झाला होता, आता स्वतःची टॅक्सी ॲपवर चालवतो. त्याला विचारलं, "बेटा, पट्ट्याचे खटके कव्हरखाली का दडवता तुम्ही?" तो हसला. म्हणाला, "मॅडम, लोकांना बसताना टोचतात, मग ते कम स्टार देतात." मुलं मांडीवर घेऊन पाच-सहा जण बसले तरी तो बोलत नाही. बोललं तर लोक ट्रिप रद्द करतात, विमानतळावर तासभर रांगेत थांबून मिळालेलं भाडं हातचं जातं. "तुम्ही पॅसेंजरनेच सांगितलं ना, की भैया, बेल्ट निकाल के दो, तर आम्हाला बरंच वाटतं," असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून मी गाडीत पाय ठेवण्याआधी मागचा पट्टा ओढून पाहते आणि खटका कुठे आहे ते विचारते. दोनच ड्रायव्हर कुरकुरले. एकाने तर कव्हर उचकटून तिन्ही खटके बाहेर काढून दिले.

आता सीटबद्दल. भावाने दुसऱ्याच दिवशी बाळासाठी सीट मागवली. काही हजार रुपये गेले. अब्बांना ते पटलं नाही. तीन आठवड्यांसाठी एवढा खर्च? आणि आम्ही सात भावंडं एसटीत, टेम्पोत, बैलगाडीत बसून मोठी झालो, कुणाला काय झालं? सफरची दुआ पढावी आणि निघावं. मी गप्प राहिले. आधी उंट बांधावा, मग भरवसा ठेवावा, ही गोष्ट मी अब्बांना काय सांगणार, लहानपणी त्यांनीच ती मला सांगितलेली.

सीट घेताना मुलाचं वय नव्हे, वजन आणि उंची पाहायची. ते सीटच्या लेबलवर लिहिलेलं असतं. अगदी तान्ह्या बाळाची टोपलीसारखी सीट असते, तिला दांडी असते, ती उचलून नेता येते आणि टॅक्सीसाठी तीच सोपी. थोड्या मोठ्या बाळांची सीट वजनदार असते. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे करून बसवायचं. हे पाहून आमच्याकडे सगळ्यांनाच चुकल्यासारखं वाटलं, "उलटं का बसवता?" म्हणून. पण बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची असते. गाडी थांबते तेव्हा उलट्या बसलेल्या बाळाची पाठ, मान, डोकं एकदमच सीटच्या पाठीवर रेलतं. सरळ बसवलेल्या बाळाची मान मात्र झटक्याने पुढे ओढली जाते. म्हणून सीटच्या लेबलवरची मर्यादा येईपर्यंत उलटंच बसवायचं. पुढच्या सीटवर, जिथे एअरबॅग आहे तिथे, अशी सीट कधीच ठेवायची नाही. फुगणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते आणि मागे बाळाचं डोकं असतं. पुढे बसलेल्याच्या मांडीवर बाळ असणं, हेही त्याच कारणाने धोक्याचं.

टॅक्सीत सीट बसवायची तर सराव घरीच करावा. आम्ही शेजाऱ्यांच्या उभ्या गाडीत केला, पहिल्या वेळी वीस मिनिटं लागली, चौथ्या वेळी चार. गाडीचा पट्टा सीटच्या ठरलेल्या खोबणीतून ओवायचा, गुडघ्याने सीट दाबून पट्टा घट्ट ओढायचा. मग जिथून पट्टा जातो तिथे धरून सीट हलवून पाहायची. इंचाहून जास्त सरकली तर पुन्हा. बाळाच्या खांद्यावरचे पट्टे इतके बसते हवेत की त्यांची चिमटीत घडी येऊ नये. जाड स्वेटर किंवा दुपटं पट्ट्याखाली नको, हवं तर पट्टा लावून वरून पांघरावं. जुनी सीट कुणाकडून घेताना ती अपघातात सापडलेली नाही ना हे विचारावं. सापडली असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नये.

शाळेत जाणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा. गाडीतला पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. माझ्या मुलीला लावला तर वरचा भाग गळ्याशी येतो आणि खालचा पोटावर. तो खालचा पट्टा पोटावर नव्हे, मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडावर बसायला हवा आणि वरचा खांद्याच्या मधून. साधारण पावणेपाच फूट उंचीला मूल पोहोचेपर्यंत तो नीट बसत नाही, म्हणून खाली उंच करणारी बूस्टर सीट मिळते. ती वजनाने हलकी असते, पिशवीत घालून नेता येते. घरची उशी किंवा लोड मात्र त्या जागी चालत नाही. ब्रेक लागला की उशी सटकते आणि पट्टा पोटात रुततो. बूस्टर नसेल तरी तीन-चार वर्षांच्या पुढच्या मुलाने मागे, स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या पट्ट्यात बसणं हे मांडीवर बसण्यापेक्षा कैक पटीने बरं. वरचा पट्टा काखेखालून किंवा पाठीमागे घालू नये, मुलं गुपचूप तसं करतात. मी वर्गातही हे पाहून घेते: सहलीच्या गाडीत कोण पट्टा लावल्याचं नाटक करतंय.

आणि एका पट्ट्यात दोघं नाहीत. आई आणि बाळ मिळून एक पट्टा लावला तर झटक्यात आईचं पूर्ण वजन बाळावर येतं.

बाळ तान्हं आहे, सीट नाही, मागून आणायला वेळ नाही, जाणं तर भाग आहे, अशा वेळी काय? माझं मत सांगते. रेल्वे मिळत असेल तर रेल्वेने जा. गर्दीची वेळ टाळा, लोकल नाहीतर पॅसेंजर. टॅक्सीच घ्यावी लागली तर मागे बसा, बाळाला घेणाऱ्याने स्वतः पट्टा लावा, बाळ पट्ट्याच्या बाहेर दोन्ही हातांत, आणि ड्रायव्हरला आधीच सांगा की घाई नाही, हळू चला. हा उपाय नव्हे, हा नाइलाज आहे. अंगावर बांधायची बाळाची झोळी अपघातात उपयोगी पडत नाही, ती फक्त चालताना हात मोकळे ठेवते.

गाडी मागवताना बाळसुद्धा एक माणूस धरा. चार मोठे आणि दोन लहान म्हणजे सहा, आणि सहा म्हणजे मोठी गाडी किंवा दोन गाड्या. पैसे जास्त जातात, खरंय. वलीम्याला जाताना आपण आहेराच्या पाकिटाचा विचार दोन दिवस करतो, गाडीच्या दोनशे-पाचशेचा मात्र दारात उभं राहून. मीही तेच केलं होतं.

दाराबद्दल एक गोष्ट मला या निमित्ताने कळली. खासगी गाडीच्या मागच्या दारांना चाइल्ड लॉक असतं, ते लावलं की दार आतून उघडत नाही. टॅक्सीत हेच लॉक बायकांच्या जिवावर उठलं, आत अडकवून ठेवण्यासाठी त्याचा वापर झाला. म्हणून केंद्र सरकारने १ जुलै २०१९ पासून टॅक्सीत चाइल्ड लॉक नको असा नियम केला. नियम योग्यच. पण त्याचा दुसरा अर्थ असा की टॅक्सीत खिडकीशी बसलेलं चार वर्षांचं मूल चालत्या गाडीत दाराची मूठ ओढू शकतं. म्हणून लहान मूल मधे, आणि दाराशी मोठं माणूस. उतरताना सगळ्यांनी डावीकडूनच, फुटपाथच्या बाजूने. आधी मोठ्याने उतरायचं, मग मुलाला घ्यायचं, सामान सगळ्यात शेवटी. भाडं देण्यात आणि बॅगा मोजण्यात आपण गुंततो आणि मूल रस्त्यावर गेलेलं असतं. बुरख्याचा किंवा दुपट्ट्याचा काठ दारात अडकला नाही ना, तेही दार लावताना पाहावं. बुरख्यावरून पट्टा लावताना वरचं कापड चुरगळून पट्ट्याखाली गोळा होतं, ते सपाट करून घ्यावं. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटाच्या खाली घ्यावा, पोटावरून नाही.

आणि देगची! दावतीहून परतताना गरम बिर्याणीची देगची पायांशी किंवा मांडीवर असते आणि शेजारी मूल. ती डिकीत जात नसेल तर तिथेच कुणाला तरी वाटून टाका. यावर माझ्या सासूबाई माझ्याशी अजून सहमत नाहीत.

मुलाला बंद गाडीत ठेवून "पाच मिनिटांत मिठाई घेऊन येते" असं करू नका, ड्रायव्हर कितीही भला असला तरी. उन्हात बंद गाडी बघता बघता तापते. लहान मुलाला एकट्याने टॅक्सीत बसवून नानीकडे पाठवणं तर नाहीच. गाडीचा नंबर ॲपशी जुळतो का हे बसण्याआधी पाहावं, ओटीपी त्यानंतर सांगावा, प्रवासाची माहिती घरच्या एकाला मोबाइलवरून पाठवावी. हे तुम्ही बहुतेक करताच.

स्कूटरवर मूल नेणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी ४० च्या आत. फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू आहे. त्यावर आणि रिक्षाच्या उघड्या बाजूवर पुन्हा कधीतरी लिहीन, तो मोठा विषय आहे.

परतीच्या दिवशी आम्ही मोठी गाडी मागवली. भावाने सीट बांधली, ड्रायव्हर शांतपणे थांबला. बाळाने सीटमध्ये जो सूर लावला तो बेलापूरपर्यंत. भाभी दोनदा म्हणाली, "ज़रा गोद में ले लूँ?" भावाने नुसती मान हलवली आणि बाळाच्या हातात चावीचा जुडगा दिला. वाशीच्या पुलावर बाळ झोपलं. माझ्या मुलीने घरून निघतानाच स्वतःची एक रीत ठरवली होती. आधी पट्ट्याचा खटका, मग दुआ. तिने मोठ्याने पढायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. "नाना, तुमचा आवाज नाही आला." अब्बांनी पुढच्या सीटवर पट्टा ओढला, दोनदा अडकला, तिसऱ्यांदा खट् झालं. मग ती पुढे पढली.

दुबईत त्यांच्याकडे एक सीट आहेच, म्हणून ही सीट भाऊ माझ्याकडे ठेवून गेला. सध्या ती आमच्या मोहल्ल्यात फिरते आहे. लग्नाच्या देगा, सतरंज्या फिरतात तशी. कोण घेऊन गेलं, कधी आणणार, हे मी कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर लिहिते आणि देण्याआधी त्यांच्या मुलाचं वजन विचारते. गेल्या जुम्म्याला ती समोरच्या इमारतीतल्या एका वर्षाच्या मुलीबरोबर भिवंडीला शादीला जाऊन आली. परत आली तेव्हा फटीत खारीचे तुकडे होते आणि एक पट्टा उलटा ओवलेला होता. तो सरळ केला. आता रविवारी ती मुंब्र्याला जायची आहे.